एकमताने मंजूर

अंबाजोगाई,
शनिवार, २८ एप्रिल १९७३

प्रिय दान्या,

आज शनिवार. म्हणजे तू तिकडं इस्रायलात, बीरशेब्यात पेनाला शिवणार नाहीस आणि मी इकडं तुला पत्र लिहितोय. औरंगाबादच्या वसतिगृहात तरी दुसरं काय चालायचं? शनिवारच्या लेक्चरला तू हाताची घडी घालून राजासारखा बसायचास आणि तुझ्या वाटच्या नोट्स मी खरडायच्या. पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, नाव दानियल, आडनाव झिराडकर, शनिवारी काम बंद, अरे तू नेमका आहेस तरी कोण? तू म्हणालास, अलिबागकडं आम्हाला शनवार तेली म्हणतात. तेली म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. ज्यू म्हणजे काय ते कळायला मला पुढचे सहा महिने लागले, आणि कळलं तोवर तुझी माझी भांडणं सुरू झाली होती.

पाल्हाळ पुरे, आधी बातमी सांगतो. काल आश्रुबातात्या बरी झाले. आमच्या मराठवाड्यात निजाम जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी कोर्टातली भाषा अजून त्याचीच आहे. निर्दोष सुटला म्हणायचं तर बरी झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निकाल वाचला, आणि खरं सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला. रात्री आठलाच झोपलो तो सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा उठलो. बायको म्हणाली, घोरत होतात, शेजारच्या विमलबाई विचारायला आल्या होत्या.

तुला आश्रुबातात्या आठवत असतील. तू एकदा हुरड्याला आमच्या गावी आला होतास, तेव्हा कणसं भाजून तुझ्या तळहातावर चोळून देणारा उंच, सडपातळ माणूस, तेच. आमच्या घराला घर लागून त्यांचं घर. मी नांदूरघाटच्या शाळेत जायचो तेव्हा ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचे. पुढं गावाच्या वर छोटा तलाव झाला, पाणीपुरवठा सहकारी सोसायटी निघाली आणि तळ्याची राखण त्यांच्याकडं आली. बांधाखालून पाणी सोडायच्या मोरीच्या गेटचं चाक फिरवायचं, कुणाच्या रानात किती वेळ पाणी सोडायचं ते बघायचं. चाकाची किल्ली ते गळ्यात घालत. भिवराकाकू म्हणायच्या, माझ्या गळ्यातल्या डोरल्यापरीस ह्यांच्या गळ्यातली किल्ली जड हाय.

यंदाचा दुष्काळ किती मोठा ते तुला वर्तमानपत्रातून कळलं असेल. सलग तिसरं वर्ष. अर्धं गाव खडी फोडायला जातं, उरलेलं अर्धं ऊसतोडीला गेलेलं. तात्यांची दोन्ही पोरं तिकडंच. तळ्यात जे गुडघाभर पाणी उरलं होतं ते सोसायटीनं फक्त प्यायला आणि जनावरांना राखून ठेवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी लोक उठून बघतात तर मोरीतून पाणी ओढ्याला लागलेलं आणि होतं तेही निम्म्याच्या खाली. गाळाची पोती टाकून मोरी बुजवली तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. आता बोल! अशा वर्षात कुणी माणूस मारला असता तर गावानं एकवेळ माफ केलं असतं.

किल्ली कुणाच्या गळ्यात? तात्यांच्या. मग दुसरा कोण? दोन दिवसांनी मारुतीच्या पारावर सोसायटीची सभा बोलावली. आमचे चेरमन सुंदरराव, माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी सेक्रेटरीकडून ठराव वाचून घेतला: तळ्याचे राखणदार आश्रुबा यांनी मोरी उघडून पाणी सोडले असे ही सभा ठरविते, सबब पोलिसात फिर्याद द्यावी. मग नेहमीसारखं विचारलं, सगळ्यांना मंजूर? अडुसष्ट सभासद हजर होते आणि अडुसष्ट हात वर झाले. मोजायला गेलं तर त्यात एक हात आश्रुबातात्यांचा होता!

हसू नकोस. मला माहीत आहे तू हसणार. पण तुला सोसायटीची सभा काय असते ते ठाऊक नाही. सोसायटी निघाल्यापासून अकरा वर्षांत आमच्या प्रोसिडिंग बुकात एकही ठराव असा नाही की ज्याच्याखाली "एकमताने मंजूर" असं लिहिलेलं नाही. चेरमननं "मंजूर?" म्हणायचं आणि हात वर जायचे, मंदिरात घंटा वाजली की हात जोडले जातात तसं. कोण ऐकतो ठराव! कुणी बिडी ओढत असतो, कुणी जावयाची गोष्ट सांगत असतो. सेक्रेटरीनं तर शहाणपणा करून ठरावाखाली आणखी लिहिलं: खुद्द आश्रुबा यांनीही हात वर करून मंजुरी दिली आहे. झालं! फौजदारानं ते वाचलं आणि तपास तिथंच संपला. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, सभेनं ठरीवलंय तर ठरीवलंय, राखण माजी होती, पानी गेलं म्हंजी माजंच की. आमच्या कोर्टातला जुना कारकून कबुलीला इकबाल म्हणतो. कागद हातात घेऊन तो मला म्हणाला, वकीलसाब, इकबाल आहे, मेहनत करू नका.

कलम चारशे तीस. पाण्याचा पुरवठा घटवण्याचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तात्यांचं वय एकसष्ट. ते पाच वर्षांनी जिवंत बाहेर येतील असं त्यांच्याकडं बघून कुणी म्हटलं नसतं. आणि शिक्षा लागायची ती गावानं आधीच लावली होती. टँकर आला की भिवराकाकूंची घागर रांगेतून काढून बाजूला ठेवायचे. कुणी शिवी देत नव्हतं, हात लावत नव्हतं, नुसती घागर उचलून बाजूला. काकू दीड कोस चालून दुसऱ्या गावच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. एकदा मी गावी गेलो असताना समोरून येताना दिसल्या, डोक्यावर घागर, आणि मला बघून ओशाळल्या. चूक त्यांची असल्यासारख्या. मी तिथल्या तिथं सांगितलं की वकीलपत्र माझं, फी नाही, काही नाही. गावात माझं लई कौतुक झालं. बद्रीनाथ शिकला पण माणुसकी विसरला नाही, असं आमच्या गल्लीतली भामाबाई सगळ्यांना सांगत फिरली. त्या कौतुकाचा मला किती त्रास झाला ते तुला कळेल, थोडा दम धर.

वकीलपत्र घेतलं खरं, पण बचाव काय करायचा? इकबाल समोर. तेव्हा मला वसतिगृहातली ती मेसची बैठक आठवली. आचारी तूप चोरतो म्हणून आम्ही तीस पोरांनी एका तोंडानं ठरवलं, आणि तू एकटा हात खाली घेऊन बसलास. म्हणालास, आमच्या जुन्या न्यायसभेत सगळेच्या सगळे न्यायाधीश पहिल्या झटक्यात दोषी म्हणाले तर आरोपीला सोडून देत, कारण सगळे एकाच बाजूला गेले म्हणजे त्याच्या बाजूनं कुणी विचारच केलेला नाही. आम्ही तुला किती पिडलं त्यावरून! तुमच्या धर्मगुरूंचं नाव तुला लावून, रब्बी, तूप वाढ, असं महिनाभर चाललं होतं. आणि त्याच रात्री तू मला दुसरी गोष्ट सांगितलीस, की तुमच्यात फौजदारी खटल्यात माणसाची स्वतःची कबुली चालतच नाही. दोन साक्षीदार आणा, नाहीतर घरी जा. का, तर माणूस स्वतःचाच नातेवाईक असतो, आणि नातेवाइकाची साक्ष ना बाजूनं घेता येते ना विरुद्ध. मी म्हणालो होतो, मग सगळे चोर मोकाट सुटतील बे! तू म्हणालास, सुटतील, पण कबुली मिळाली की माणसं शोधायचं थांबवतात, आणि खरा चोर तिथंच सुटतो.

तेव्हा मला हे ताकद नसलेलं, पुस्तकी वाटलं होतं. या जानेवारीत ते वाक्य एकदम माझ्या डोक्यात पेटलं. कबुली मिळाली की शोधायचं थांबवतात! अरे, मोरीचं गेट कुणी बघितलं होतं का? कुणीच नाही. गाळाची पोती टाकली ती टाकली. मी कोर्टाला अर्ज दिला, पाटबंधारे खात्यातला एक ओव्हरसियर मिळाला, बंकट लोहाराला घेतलं आणि त्या दोघांसमक्ष पोती काढून मोरी उकरली. मी स्वतः गुडघाभर चिखलात उतरलो होतो, वकिलाचा काळा कोट तेवढा बाभळीला टांगून. गेट बंद होतं, दान्या! पेच पूर्ण खाली, घट्ट बसलेला. पण खालचा पत्रा गंजून असा खाल्लेला, की बंकटनं त्यातून मुंडकं पलीकडं घालून दाखवलं. मी तिथंच चिखलात नाचलो. बंकट म्हणाला, साहेब, जपून, पायाखाली काच हाय. तात्या दोन वर्षं चेरमनला सांगत होते की पत्रा बदला. ते कुठल्याच ठरावात आलं नाही, कारण त्याला कुणी हात वर करायला सांगितलं नव्हतं.

तरी सरकारी वकील हटेना. म्हणे पत्रा नंतर गंजला असेल, आणि आरोपीनं कबूल केलंय त्याचं काय? म्हणून चेरमनची उलटतपासणी घ्यावी लागली. मी विचारलं, अकरा वर्षांत एक तरी ठराव नामंजूर झाला का? न्हाई. एखाद्यानं हात खाली ठेवलाय असं कधी झालं का? न्हाई. मग त्या दिवशी आश्रुबांनी हात वर केला तो गुन्हा कबूल म्हणून, की चेरमनसाहेब बोलले म्हणून? सुंदरराव घाबरले, इकडं-तिकडं बघायला लागले आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, आवो वकीलसाहेब, त्या सभंला तर... मॅजिस्ट्रेट कडाडले, जेवढं विचारलंय तेवढंच सांगा! सुंदररावांनी बोट खाली घेतलं. माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती. कोर्टाला वाटलं असेल उन्हाळा आहे.

मग तात्यांचा जबाब. साहेबांनी विचारलं, तुम्ही हात का वर केला? तात्या भिंतीकडं बघून म्हणाले, सवय हाय, मायबाप. बस, तेवढंच.

युक्तिवादात मी तुझा रब्बी काढला. आता हसून घे. म्हणालो, साहेब, माणूस स्वतःचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक असतो, म्हणून त्याच्या तोंडून त्याचाच गुन्हा शाबीत करू नये. साहेबांनी चष्मा वर केला, कुठल्या हायकोर्टाचा निवाडा? मी म्हणालो, बॅबिलॉनचा, सोळाशे वर्षांपूर्वीचा. अख्खं कोर्ट हसलं. साहेब म्हणाले, या कोर्टावर बंधनकारक नाही. मग चष्मा खाली घेऊन म्हणाले, पण ऐकायला हरकत नाही, सांगा. मी तू पाठवलेल्या त्या कात्रणाचं सांगितलं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सासष्ट साली पोलिसांनी घेतलेल्या कबुल्यांबद्दल निकाल देताना तळटीपेत तुमच्या आठशे वर्षांपूर्वीच्या धर्मपंडिताचा, मायमोनिडीसचा आधार दिला. आणि आपल्या घटनेचं विसावं कलमही काढलं: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. तू नेहमी म्हणायचास, तुमच्या विसाव्या कलमात आमचा आजोबा बसलाय. ते मी म्हणालो नाही. ज्याच्या कायद्यातून हे कलम आपल्याकडं आलं तो इंग्रज म्हणेल, हे आम्ही आमच्या धर्मकोर्टांशी भांडून मिळवलं, तुझा आजोबा आम्ही बघितलासुद्धा नाही. आणि ते खोटं आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण एकाच विहिरीला दोन बाजूंनी पायऱ्या असतात, इतकं मी आता मानतो. बारा वर्षं वाद घातला तुझ्याशी. हरलो म्हणून लिहून ठेव.

साहेबांनी निकाल दिला तो अर्थातच आपल्याच पुराव्याच्या कायद्यावर. सभेत वर केलेला हात म्हणजे कबुलीजबाब नव्हे, गेट बंद असल्याचं शाबीत झालंय, आरोपी निर्दोष. आणि जाता जाता तुमच्या जुन्या न्यायसभेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य बोलले: ज्या संस्थेत अकरा वर्षांत कुणाचं दुमत झालं नाही, तिच्या एकमताला हे कोर्ट फार वजन देऊ शकत नाही. भिवराकाकूंना काही कळलं नाही. त्या मला विचारत होत्या, म्हंजी सुटलं का आडाकलं? सुटलं, काकू, सुटलं. त्यांनी तिथंच, कोर्टाच्या दारात, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. चार महिने ज्या बाईच्या डोळ्यात पाणी बघितलं नव्हतं ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि मधेच हसत होती. मीही रडलो, लाजायचं काय त्यात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. काल संध्याकाळी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही तिघं बसलो होतो. काकू चहात बिस्किट बुडवून खात होत्या. मी जिंकलेला वकील, तोंड बंद ठेवेन तर ना! म्हणालो, तात्या, आता खरं सांगा, हात कावून वर केलतात? ते म्हणाले, तू केलतास म्हणून. दान्या, मी त्या सभेला होतो. मी त्या सोसायटीचा सभासद आहे, रविवार होता, गावी गेलो होतो. मी बद्रीनाथ वकील, कायद्याचा पदवीधर, बंकटशी बोअरच्या मशीनबद्दल बोलत होतो, ठरावाचा एक शब्द ऐकला नाही, चेरमन "मंजूर?" म्हणाले आणि माझा हात वर गेला. हे मला माहीत होतं. म्हणूनच फी घेतली नाही, म्हणूनच ते कौतुक टोचत होतं. सुंदरराव साक्षीत तेच बोलणार होते; बोलले असते तर मला वकीलपत्र सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं, आणि तात्यांना दुसरा वकील कुठून मिळाला असता? पण मला वाटत होतं माझा हात अडुसष्टांतला एक होता. तसा नव्हता. तात्या म्हणाले, मला कुटं वाचता येतंय, म्या बघितलं शिकल्यालं लेकरू हात वर करतंय, म्हनलं आपल्या भल्याचंच असंल. रागानं नाही रे, बिस्किट पुढं करत म्हणाले. मी विचारलं, मग कोर्टात का नाही सांगितलं? तर म्हणाले, तुजं नाव कसं घेऊ बाबा, तू तर माजा वकील. चार महिने त्या माणसाला ठाऊक होतं, आणि चार महिने तो पेशीला माझ्याशेजारी येऊन बसत होता. उद्या रविवारी पारावर सभा आहे, तात्यांना राखणीवर परत घेण्याच्या ठरावाची. मी ठरवलंय की हात वर करायच्या आधी उभं राहायचं आणि हे सगळं सगळ्यांसमोर बोलायचं. त्याआधी एकदा कुणाला तरी सांगून बघायचं होतं, जीभ वळते का. वळली. तुझ्या रब्बींच्या कायद्यानं माझी ही कबुली धरता येत नाही, मला माहीत आहे. पण तू धर.

तुझाच, कालपेक्षा आज बराच हलका झालेला,
बद्री